आठळकाडीचा पावसाळा

खाऊचं कुठलंही पाकीट घ्या. माल संपतो आणि तळाशी चुरा उरतो. तो विकता येत नाही आणि टाकवतही नाही. शेवटी पाकीट उलटं करून आपण तोच तोंडात टाकतो. आमच्या शेडमधल्या किश्शांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, पण तळाशी साठत गेले. परवा चौघीजणी चहाला आल्या होत्या, तेव्हा एक सांगायला घेतला आणि दिवेलागण झाली तरी संपेनात!

शेड म्हणजे रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पत्र्याची एक लांबट खोली. मालकीण शलाका. आठवीत माझ्या विज्ञानाच्या तासाला बसायची. प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहून ठेवायची आणि कृती नंतर. पुढे फूड टेक्नॉलॉजी शिकली, नवी मुंबईत एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती, आणि एक दिवस सगळं सोडून परत आली. म्हणाली, "बाई, आपल्याकडे फणसाचे गरे खातात आणि आतल्या आठळ्या, एवढ्या चांगल्या बिया, उकिरड्यावर टाकतात. मी त्या पाकिटात घालणार."

हे गेल्यानंतर मी शाळा सोडली होती आणि घरात नुसतीच बसून होते. शलाका एकदा भेटायला आली ती मला घेऊनच गेली. माझ्याकडे चाखणी आणि लेबलांवरचा मजकूर. कढईवर कुसुम. ती शेजारच्याच वाडीतली. पॅकिंगला नार्वेकर काका, बँकेतून निवृत्त झालेले. सीलिंग मशीनसमोरसुद्धा कॅश काउंटरला बसल्यासारखे बसतात. एवढाच आमचा स्टाफ.

बरेच पदार्थ करून झाले आणि त्यातून एक टिकला: आठळकाडी. आठळीचं पीठ, तांदळाचं पीठ, आमसुलाची पूड. काड्या पाडायच्या, तळायच्या. कोल्हापूरचे चौगुले शेठ, ज्यांची फरसाणाची दुकानं आहेत, त्यांनी ती खाल्ली आणि म्हणाले, "चव झकास. पण तुमच्या हवेत टिकती का? पावसाळाभर ठेवा. गणपती झाले की मी येतो. पाकीट फोडल्यावर कडक निघाली, तर सगळ्या दुकानांत लावतो. मऊ निघाली, तर रामराम!"

शलाका म्हणाली, आपण लॅबमधून रिपोर्ट घेऊ. शेठ म्हणाले, "लॅबमध्ये कोकणातला पाऊस पडतो का?"

खोटं नव्हतं. रत्नागिरीत जूनपासून पापड सादळतात, काडेपेटी सादळते, माणसंही सादळतात. आणि शलाकाकडचे पैसे गणपतीपर्यंतच पुरणार होते. जुनी कंपनी तिला परत घ्यायला तयार होती. शेठ "रामराम" म्हणाले, तर ती शेडला कुलूप लावून नवी मुंबईला जाणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. 

* * *

सगळ्यात आधी चाखणीचा किस्सा.

शलाकाने शास्त्रोक्त पद्धत ठरवली होती. गावातल्या माणसांना बोलवायचं, पदार्थ द्यायचा, आणि समोरच्या कागदावरच्या चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायला सांगायची. हसरा चेहरा, फार हसरा चेहरा, रडका चेहरा. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सुलभाकाकू आल्या. नाचणीची चकली खाल्ली. आणखी एक घेतली. मग तिसरी.

"काकू, कशी आहे?"

"खाल्ली की गो."

"हो, पण कशी वाटली?"

"वाईट काही नाही."

आणि मधल्या चेहऱ्यावर खूण केली. जो हसतही नाही आणि रडतही नाही, तो!

दिवसभरात आलेल्या प्रत्येकाने तोच चेहरा पकडला. संध्याकाळी शलाका गळून बसली. "बाई, एकालाही आवडली नाही हो. उद्यापासून चकली बंद."

कुसुम कढई घासत होती. ती म्हणाली, "अगो, हसरं तोंड कोण करील? उद्या तुझ्याकडे काय खराब निघालं तर? लिहून दिलेलं ऱ्हातं ना!"

"मग आवडलं हे कळणार कसं?"

"पुडी मागतात का बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद काढून टाकले आणि नुसत्या बघत बसलो. सुलभाकाकू पुन्हा आल्या, चकल्या खाल्ल्या, "वाईट काही नाही" म्हणाल्या, आणि उंबऱ्यापाशी वळल्या. "शलाका, दोन बांध हो कागदात. नातवाला."

काकूंचा नातू ऑस्ट्रेलियात असतो.

* * *

नार्वेकर काकांनी एकदा मनावर घेतलं की, समुद्रकाठी राहून नुसतं शाकाहारी काय करायचं? सुकटीचा काहीतरी कुरकुरीत प्रकार काढू. कल्पना वाईट नव्हती. सुकट हर्णैची हवी, असा त्यांचा हट्ट. स्वतः गेले आणि तिथल्या बाजारातून भलीमोठी पिशवी घेऊन एसटीने परत निघाले. पिशवी मांडीवर.

दापोली सोडेपर्यंत त्यांच्या बाजूची सीट रिकामी झाली. मग मागची आणि पुढचीही. कंडक्टर तिकिटं देत आला, थांबला, आणि हवेत दोनदा नाक ओढून म्हणाला,

"काका, दोन तिकिटं घ्या."

"दोन का? मी एकटाच आहे."

"एक तुमचं, एक वासाचं. तो उभ्याने चाललाय!"

काकांनी सांगितलेला हा किस्सा. काका कधी वाढवून सांगत नाहीत, म्हणून मी यावर विश्वास ठेवते.

सुकटीचे गोळे तळायला घेतले, त्या दिवशी शेडभोवती मांजरं जमली. आमची, शेजारची, रस्त्यापलीकडची. काही तर पालीहून आली असावीत. माणसांपैकी अर्ध्यांनी नाकाला पदर लावला. उरलेले "वाईट काही नाही" म्हणाले आणि पुडी न मागता गेले. मांजरं मात्र शेवटचा गोळा संपेपर्यंत एकमताने बसून होती.

शलाका पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "ह्यांना पैशांची पाकिटं बाळगता आली असती ना, तर आज मी कुठच्या कुठे असते!"

* * *

सुरणाचे काप हा आमचा सगळ्यात कमी दिवस चाललेला पदार्थ.

सुरण खाजरा असतो, त्याला आमसुलाच्या पाण्यात ठेवावं लागतं, हे इथे शाळकरी पोरीलाही माहीत. पण त्या दिवशी कुसुम लग्नाला गेली होती, शलाकाला वाटलं मी आमसूल घातलं, मला वाटलं शलाकाने घातलं. काप दिसायला सुरेख झाले. सोनेरी, पातळ, वर जिऱ्याची पूड. नेमकी त्या दिवशी एकादशी. समोरच्या देवळात भजन होतं. उपासाचा पदार्थ, चाखणीला मंडळही तयार. आम्ही परात नेऊन ठेवली.

मंडळींनी परात साफ केली आणि भजनाला बसली.

पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्याला मृदंगवाल्याने मध्येच थाप सोडून घसा धरला. टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. बुवांनी खाकरून खर्ज लावला, आणि काय सांगू! असा घोगरा, आतून खरवडून आलेला आवाज की देऊळ थरारलं. बुवा डोळे मिटून, मान झटकत, घशातली खाज सुरावर घासून काढत होते. बायका डोळे पुसायला लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आज बुवांच्या अंगात आलंय!"

आम्ही दोघी खांबाच्या आडून बघत होतो. शलाकाने माझा हात घट्ट धरला होता. "बाई, पळू या का?"

भजन संपलं. बुवा तांब्याभर पाणी प्यायले आणि सरळ आमच्याकडे आले. मी माफीचे शब्द जुळवत होते.

बुवा कुजबुजले, "पुढच्या एकादशीला पण पाठवा. पण माझ्या एकट्यापुरते. त्या संगमेश्वरच्या बुवाला देऊ नका!"

* * *

आता लेबलांची गोष्ट.

आठळकाडीचं लेबल मी चार दिवस खपून लिहिलं. इथल्या प्रेसचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून शलाकाने छपाई घाटावरच्या एका गावात दिली. तिथल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीला "आठळी" हा शब्द माहीत नव्हता. तिला वाटलं, बाईंची टाइप करताना चूक झाली असावी. मोठ्या मनाने तिने ती सगळीकडे दुरुस्त केली.

गठ्ठे आले. नार्वेकर काकांनी चष्मा लावून पहिलं लेबल मोठ्याने वाचलं.

"कोकणातल्या अस्सल, खमंग, भाजलेल्या आठवणी!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. काका थांबेनात. बँकेची सवय, खालचं बारीक अक्षरसुद्धा वाचायचं.

"घटक: आठवणी, तांदळाचं पीठ, आमसूल, मीठ चवीपुरतं. आठवणी कोरड्या जागी ठेवाव्यात. पाकीट फोडल्यावर लवकरात लवकर संपवाव्यात. लहान मुलांना आठवणी चावून खायला सांगावं."

शलाका रडकुंडीला आली होती. चौगुले शेठांना नमुना पाठवायचा होता, पुन्हा छापायला वेळ नव्हता. ती माझ्याकडे वळली. "बाई, असंच ठेवू या का? ऐकायला तसं छान वाटतंय. काव्यमय. शहरातले लोक घेतील."

मी लेबल हातात घेऊन बसले होते.

कुसुमने कढईतून झारा काढला, निथळला, आणि म्हणाली,

"काय पण! विकत कोण घेईल? ज्याच्या त्याच्या घरात पडून हायत."

दुपारी आम्ही चौघं बसून प्रत्येक लेबलावर पेनाने "आठळ्या" लिहीत होतो.

* * *

पाऊस सुरू झाला आणि टिकाऊपणाची परीक्षा लागली. शलाकाने आठळकाडीची पाकिटं पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरली. डबा शेडमधल्या फळीवर. नुसता झाकलेला, म्हणजे हवा लागू दे आणि खरी परीक्षा होऊ दे. राखण नार्वेकर काकांकडे. डब्यावर त्यांनी ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लावली: "चाचणीसाठी. खाऊ नये."

पहिल्याच आठवड्यात वायरमन आला. भर पावसात खांबावर चढून आमची लाइट चालू करून दिली. निथळत दारात उभा. काकांनी चहा केला. चहाबरोबर काय द्यायचं? शेडमध्ये त्या दिवशी तळण नव्हतं. काका डब्याकडे बघत राहिले. मग एक पाकीट काढलं.

शलाका ओरडली, "काका! त्यावर लिहिलंय ना, खाऊ नये?"

"ते आपल्यासाठी लिहिलंय," काका म्हणाले. "आल्या माणसाला नुसता चहा द्यायचा?"

त्यानंतर गॅसवाला आला. कुसुमची नणंद आली. रस्ता चुकलेलं एक जोडपं हेदवीच्या गणपतीला कसं जायचं ते विचारायला आलं, आणि रस्ता समजून घेईपर्यंत दोन पाकिटं संपवून गेलं. दर वेळी काका स्वतःवर चिडायचे आणि दर वेळी देऊन मोकळे व्हायचे. शेवटी त्यांनी जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लावली: "उंदराचं औषध."

हे मात्र चाललं. जुलैभर डब्याला कुणी हात लावला नाही. शलाका रोज पाकिटं चाचपून बघायची आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटायची. ऑगस्टात डोंबिवलीहून काकांची बहीण आली. शेड बघायला म्हणून आणली, तर फळीखाली स्टुलावर बसून बाई मजेत काड्या चावताहेत!

काका पांढरेफटक. "अगो ताई! त्यावर लिहिलेलं वाचलं नाहीस?"

"वाचलं की."

"मग?"

"उंदराचं औषध असतं तर तू ते मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं असतंस? लहानपणी चिंचगुळाच्या बरणीवर पण तू 'एरंडेल' लिहायचास!"

* * *

अजून अर्धा डबा शिल्लक होता, आणि गणपती आले.

शेडला आठवडाभर सुट्टी. काकांना आता स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. त्यांनी डबा कुसुमच्या हवाली केला. "तुझ्या घरी माळ्यावर ठेव. तू खंबीर आहेस."

कुसुम खंबीर आहे, यात शंका नाही. पण तिच्या वाडीत आरत्यांची पद्धत अशी की, सगळी वाडी मिळून एकेका घरी जाते आणि आरती झाली की त्या घरच्यांनी खाऊ द्यायचा. मुंबईहून आलेली मंडळी धरून त्या वर्षी गर्दी दुप्पट झाली. कुसुमच्या घरी आरती रंगली, आणि तिने आणलेला चिवडा घालीनलोटांगणाच्या आधीच संपणार हे तिला स्वयंपाकघरातून दिसलं.

सुट्टीनंतर ती रिकामा डबा घेऊन आली. धुऊन, पुसून.

शलाका डब्यात बघत राहिली. आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होतं. "कुसुमताई, अर्धा तरी ठेवायचा."

"मी चार पाकिटंच काढली व्हती गो. पण माझ्या सासूने अख्खा डबा देवासमोर नेऊन ठेवलान. देवासमोर ठेवलेलं परत माळ्यावर कसं टाकू?"

"पण कडक होत्या का?" मी विचारलं. "खाताना आवाज येत होता का?"

कुसुमने विचार केला. "आरती चालू व्हती, वैनी. झांजांत काय ऐकू येतंय?"

* * *

आणि शेठ आले. सांगितल्याप्रमाणे, गणपतीनंतर. बाहेर पाऊस उघडझाप करत होता. शेठ खुर्चीत बसले आणि हात चोळून म्हणाले, "हां, काढा डबा."

शलाका म्हणाली, "डबा आहे. पाकिटं संपली."

"म्हणजे? खराब झाली?"

"नाही. खाल्ली."

"कुणी?"

नार्वेकर काका उभे राहिले. "जनतेने," ते म्हणाले.

शेठ हसले, पण थोडंच. "अवो, पण टिकतंय का नाही ते मला कसं कळायचं? मी दुकानात लावायचं आणि माल मऊ पडला तर गिऱ्हाइकाला काय सांगू? जनता?"

 शलाका सीलिंग मशीनवरचं प्लास्टिकचं कव्हर ओढून सारखं करत होती. सकाळीच तिला नवी मुंबईचा फोन आला होता, आणि "संध्याकाळपर्यंत कळवते" असं ती म्हणाली होती, ते मी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "एक आहे. माझ्याकडे."

पाऊस सुरू झाला तेव्हा शलाकानेच ते दिलं होतं. "बाई, एक तुमच्याकडे असू दे. तुमच्याकडे कोण येतंय!" म्हणाली आणि जीभ चावली. मी म्हटलं, बरोबरच आहे गं.

तरी घरी आल्यावर प्रश्न पडलाच, ठेवायचं कुठे? कुणी आलंच तर मीही फळीवर हात घातलाच असता. मग ते मी ह्यांच्या कपाटात ठेवलं. ते मी उघडत नाही. ठेवायलासुद्धा दार चार बोटं किलकिलं केलं, हात आत घातला, पाकीट कशावर तरी ठेवलं, आणि लावून घेतलं.

तसं बघितलं तर त्या कपाटाइतकी वाईट जागा दुसरी नसती. घरात खाऊ लपवायचा तो ह्यांच्यापासूनच! ह्यांना सगळे भाऊ म्हणत, आणि भाऊंच्या हाताला कुठलाही डबा उंच नव्हता. एका दिवाळीत मी अनारसे पाण्याच्या पंपाच्या खोक्यात ठेवले होते. पंप नीट चालत असताना हे प्लंबर घेऊन आले! शेड तेव्हा नव्हती, पण परत आलेली शलाका कुसुमला हाताशी घेऊन घरीच प्रयोग करायची. त्यातलं काही पाठवलं, तर कुसुमला ठाऊक असायचं की वैनींसाठी एक आणि भाऊंसाठी वेगळं, असं दोन बांधायचं. नाहीतर वैनींपर्यंत पोचत नाही.

शेठांच्या गाडीतून आम्ही सगळे घरी आलो. मला वाटलं होतं, त्यांना पडवीत बसवावं आणि आत जाऊन पाकीट आणावं. पण शेठ म्हणाले, "कुठं ठेवलंय ते बघू की!" आणि चपला काढून माझ्या मागोमाग आत आले. त्यांच्यामागे शलाका, काका, कुसुम.

किल्ली फिरली, पण दार उघडेना. हे गेल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा, जूनमध्ये किलकिलं झालेलं दार आता पार फुगलं होतं. मी ओढलं. काकांनी ओढलं. शेवटी शेठांनी बाह्या सरसावल्या, एक पाय भिंतीला लावला आणि हिसका दिला.

आतला वास आधी आला. मग दिसलं. शर्टांवर पांढरी बुरशी चढली होती. हँगरवरचा काळा कोट हिरवा झाला होता. चामड्याच्या पट्ट्यावर लव उगवली होती. पँटची एक घडी दुसरीला चिकटलेली. मी बघत होते. 

"आई शप्पथ!" शेठ म्हणाले. "असल्या हवेत ठेवलंय व्हय?"

शलाकाने त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले. पाकीट वरच्या शर्टावर होतं. त्याच्यावरही बुरशीचे ठिपके. शेठांनी ते उचललं, खिशातल्या रुमालाने पुसलं, आणि विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कोपरा फाडला.

एक काडी तोंडात टाकली.

त्या खोलीत तो आवाज केवढा मोठा वाटला! कुर्रर्र. काकांनी श्वास सोडलेलाही ऐकू आला.  दुसरी काडी. तिसरी. मग भिंतीला टेकले आणि सावकाश अख्खं पाकीट संपवलं. शलाका तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

शेठांनी रिकाम्या पाकिटाची घडी केली आणि खिशात ठेवली. "पोरी," ते शलाकाला म्हणाले, "गाडी कवा पाठवू?"

 शलाका फोन घेऊन अंगणात गेली, आणि तिथून "नाही सर, नाही येणार, नाही" एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. काका शेठांना पडवीत घेऊन गेले. चहाचं आधण मीच ठेवलं. कुणीतरी ठेवायलाच हवं होतं.

परत खोलीत आले तर कपाट अर्धं रिकामं. मागच्या दाराने बाहेर बघितलं. ऊन पडलं होतं. कुंपणाच्या ओल्या दगडी गडग्यावर कुसुमने जुनी चटई पसरली होती आणि एकेक शर्ट झटकून त्यावर घालत होती, पापड घालते तशी, कडेला कड लावून.

"राहू दे गं, कुसुम," मी म्हटलं. "मी करीन नंतर."

तिने ऐकलंच नाही. चौकटीचा निळा शर्ट हातात धरून, बाह्या सरळ करत, ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"बगा वैनी," ती म्हणाली, "आम्हाला एवढ्या जणांत कुणाला जमलं नाय. शेवटी भाऊंनीच तेवढं पाकीट न फोडता ठेवलंनी!"